उचलणी

"अहो... अहो बाई, थांबा! हात आहे तो! हात टाकताय तुम्ही कचऱ्यात!"

भर दुपारी, भर बागेत कोणी असं ओरडलं तर माणसानं काय करावं? मी हातातली पिशवी सोडली, दोन पावलं मागे उडी मारली आणि खरोखरच गवतात तुटका हात शोधायला लागले. सापडला तो एक कागद. माझ्याच चिमट्याच्या दातांत अडकलेला, मधोमध टरकन फाटलेला. त्यावर पेन्सिलीनं एक पंजा काढला होता. पाच बोटं, मनगट आणि कडेला बारीक अक्षरांत आकडे.

"हा हात?" मी विचारलं.

"होता," बाकावर डबा घेऊन बसलेला तो म्हणाला. "आता त्याचे दोन झालेत."

एरवी मी हसले असते. पण त्या दिवशी मी सकाळपासून कोणावर तरी खेकसायला टपलेली होते, आणि हा आयता समोर आला.

"जपायचा कागद खिशात ठेवावा माणसानं. जमिनीवर पडलं की तो कचरा. आम्ही काय प्रत्येक कागदाला तुझा मालक कोण म्हणून विचारत बसायचं?"

"पडला नव्हता हो. उडाला. मी उठतच होतो, तेवढ्यात तुम्ही घारीसारखी झडप घातलीत."

तो उठून जवळ आला. रागावला असेल म्हणून मी कंबर कसून उभी राहिले, पण त्यानं कागदाचे दोन तुकडे हळूच सोडवले आणि तळहातावर जुळवून पाहिले. समोरच्या इस्पितळात तो कृत्रिम हात बनवायचा. ज्याचा एक हात गेलाय त्याच्या दुसऱ्या हाताचं माप कागदावर घ्यायचं, तो कागद उलटा करायचा, आणि त्यावरून जोडीचा हात घडवायचा. हे माप होतं शिवणकाम करणाऱ्या एका आजींचं.

हे ऐकलं आणि माझा सगळा पारा खाली आला. "अरे देवा... आजी परत येतील का माप द्यायला?"

"नको. चिकटपट्टीनं भागेल." त्यानं कागद वहीत ठेवला. वाटलं, आता जाईल. तर हा पठ्ठ्या माझ्या हातातल्या वस्तूकडे टक लावून बघत बसला. "हे काय आहे?"

"उचलणी."

"म्हणजे?"

"म्हणजे न वाकता जमिनीवरचं उचलायची वस्तू. मी बनवलीये."

त्यानं ती वर-खाली पाहिली. पडद्याची पोकळ दांडी, टोकाला स्वयंपाकघरातला चिमटा, आणि तो ओढायला सायकलची तार. "नाव छान आहे," तो म्हणाला. जरा थांबला. "वस्तू भयंकर आहे."

मला आवडला नाही तो. आधीच सांगून ठेवते, अजिबात आवडला नाही.

कचरापेटीमागे माझी आई उभी होती, पदरानं तोंड झाकून हसत. या बागेत ती बावीस वर्षं झाडू मारते. कुठल्या बाकाखाली शेंगांची टरफलं पडतात आणि कुठल्या बाकाखाली प्रेमपत्रांचे तुकडे, हे तिला डोळे मिटून सांगता येईल. झाडूच्या कामात अजूनही ती कोणाला हार जात नाही. पण झाडून निघत नाही ते वेचावं लागतं. गवतातली वेष्टनं, दगडी फटीतली बाटल्यांची झाकणं, सिगारेटची थोटकं. दिवसातून सहाशे वेळा वाकायचं. मागच्या महिन्यात ती एकदा वाकली ती सरळच होईना. डॉक्टरांनी सांगितलं, वाकणं बंद, विषय संपला. आणि मुकादम म्हणाले, "मावशी, वाकता येत नसेल तर वेचणार कसं? महिनाअखेर फाटकापासून कारंज्यापर्यंतचा पट्टा मला आठच्या आत लख्ख करून दाखवा. नाही जमलं तर मी काही करू शकणार नाही हो."

आई घरी येऊन म्हणाली, "जाऊ दे, बसेन घरी." आणि रात्रभर भिंतीकडे तोंड करून झोपली. घरी बसलेली आई मला पाहायची नव्हती. मी मामाच्या सायकलच्या दुकानात लहानपणापासून काम करते. माझ्या हाताखालून किती सायकली धडधाकट होऊन गेल्या! मग एका बाईला न वाकता कचरा उचलता येईल अशी एक काठी मला बनवता येऊ नये? आले मोठे!

हे सगळं मी त्याला एका दमात सांगून टाकलं. का ते देव जाणे. त्यानं फक्त एक विचारलं —

"माप कोणाचं घेतलंत?"

"कसलं माप?"

"हाताचं. ही वस्तू मावशींची ना? मग ती तुमच्या उंचीची आणि तुमच्या मुठीची का आहे?"

  मी आईचा हात धरला आणि तरातरा निघून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारी मामाच्या दुकानात हजर. "जुनी ट्यूब मिळेल का?"

"सायकल कुठाय?" मामानं विचारलं.

"सायकल नाहीये."

"मग पंक्चर काय तुम्हालाच झालंय?" मामा म्हणाला आणि माझ्याकडे तिरका बघून मिशीत हसला. मामा मला 'पाना' म्हणतो, कारण माझ्या खिशात पाना नाही असा दिवस उगवत नाही, आणि त्याच्या मते माझा स्वभावही तसाच आहे — समोरच्याला पिळल्याशिवाय सोडत नाही.

मी तोपर्यंत दुसरी उचलणी उभी केली होती. दांडी आईच्या उंचीची, टोकाला दोन बोटं, एक पक्कं आणि एक हलणारं, वर सायकलच्या ब्रेकची मूठ. मूठ आवळली की बोटं मिटतात. टोकांना ब्रेकचे रबर बसवले, म्हणजे कोणाचे हात फाटायला नकोत! मी मुद्दाम त्याच्यासमोर जमिनीवरचं झाकण उचलून दाखवलं.

"वा," तो म्हणाला. "आता धरून ठेवा."

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत."

हा माणूस दुकानातल्या स्टुलावर बसला, मामाशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, इस्पितळातल्या चहाला नावं ठेवली... आणि माझी बोटं थरथरायला लागली. मी ओठ चावला. हार मानेन तर शप्पथ. पण झाकण खाली पडलंच — टण्ण.

"तीन मिनिटं," तो म्हणाला. "मावशींना चार तास काम आहे."

"मग तुम्हीच सांगा ना, शहाणे!"

"सांगणार नाही. दुपारी दाखवतो. येताय?"

गेले. म्हणजे मला जायचं नव्हतं, मामानं ढकललं. इस्पितळाच्या मागच्या खोलीत भिंतीभर हात टांगलेले. लहान, मोठे, गोरे, सावळे. एका बाकड्यावर एक साधा लोखंडी आकडा होता, दोन वाकडी बोटं असलेला, आणि त्याला रबराची कडी घट्ट गुंडाळलेली. त्यानं त्याची दोरी माझ्या हातात दिली. "ओढा."

ओढली तशी बोटं उघडली. सोडली — टप्पकन मिटली.

"आता ती मिटलेली राहतील," तो म्हणाला. त्याचा आवाज कामाच्या गोष्टीत आला की फार शांत व्हायचा. "तुम्ही धरायला जोर लावत होतात. धरायचं काम त्या वस्तूनंच करावं. माणसानं जोर लावायचा तो फक्त उघडायला, सोडायला."

मी ती दोरी पाच वेळा ओढली, पाच वेळा सोडली. माझी चूक मला लख्ख दिसली, आणि तो मान खाली घालून दोरीचं टोक नीट करत होता. जिंकल्याचा आव नाही, 'बघा, मी सांगितलं होतं' नाही. मला उगीचच घाम आला.

"एवढं साधं होतं तर कालच सांगायचं," मी पुटपुटले.

"काल तुम्ही ऐकलं असतं?"

"...नसतं."

"तेच."

मग रोजचं झालं. दीड वाजला की तो डबा घेऊन बाकावर, आणि मी नवी उचलणी घेऊन समोर. ट्यूबची रबरं कापून बोटांना गुंडाळली, म्हणजे आता मूठ दाबली की बोटं उघडायची. एक पट्टी लावली तर चहाचा कागदी पेला निसटायचा, तीन लावल्या तर पेला चपटा व्हायचा आणि आईला मूठ दाबवेना. दोन बरोबर बसल्या. आई आधी हातच लावेना. "काठी घेऊन फिरले तर लोक म्हणतील, मावशी म्हातारी झाली." तर तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "मावशी, काठी म्हाताऱ्यांच्या हातात असते. ज्यांच्या हातात यंत्र असतं त्यांना लोक साहेब म्हणतात." त्यानंतर आई उचलणी सोडेना.

"तुम्ही डॉक्टर लोक फार गोड बोलता," ती म्हणाली.

"मी डॉक्टर नाही हो मावशी. नुसता हातवाला."

"हातवाले तर हातवाले."

एकदा भुरभुर पाऊस आला आणि आम्ही तिघं बागेतल्या गोल छपराखाली अडकलो. मुठीला एक कडं करायचं ठरलं होतं, बोटांभोवती बसेल असं, म्हणजे घामानं उचलणी निसटायची नाही. त्यासाठी त्यानं आईचा हात वहीवर ठेवला आणि बोटाबोटाभोवती पेन्सिल फिरवली. आई लाजून चूर.

"बावीस वर्षांत माझ्या हाताचं माप कोणी घेतलं नाही," ती म्हणाली. "हातमोजे देतात ते पण बाप्यांच्या मापाचे."

आम्ही हसलो. ते वाक्य आम्ही दोघांनीही ऐकलं होतं, एवढं इथे लक्षात ठेवा.

मग तो माझ्याकडे वळला. "तुमचाही ठेवा."

"माझा कशाला? उचलणी आईची ना? तुम्हीच भांडला होतात!"

"तुलना करायला... म्हणजे... दोन मापं असली की चूक कळते."

तद्दन थाप. मला कळली, आईला कळली, छपरावर बसलेल्या कावळ्यालाही कळली असेल. तरी मी हात ठेवला. ग्रीसचे काळे डाग होते नखांत, ते लपवावेसे वाटले आयुष्यात पहिल्यांदा. पेन्सिल अंगठ्यापासून निघाली. त्याची बोटं कुठेच लागली नाहीत, फक्त शिसं, थंड आणि बारीक... करंगळीपाशी येईपर्यंत मी श्वास घेतला होता की नाही, आठवत नाही. समोर आई आम्हाला पाठ करून पाऊस बघत होती. पाऊस थांबून पाच मिनिटं झाली होती.

"तो कागद मला द्या परत," मी दुसऱ्या दिवशी म्हटलं.

"हरवला."

"तुमचा एकही कागद हरवत नाही."

"हा उडाला असेल," तो म्हणाला आणि डब्यात डोकं घातलं.

महिन्याचा शेवटचा दिवस. सकाळचे सात. मुकादम घड्याळ लावून फाटकापाशी उभे. मामा दुकान बंद ठेवून आला होता, आणि तो... रात्रपाळी करून आल्यासारखा केस विस्कटलेला, डब्याची पिशवी खांद्याला. आईनं उचलणी हातात घेतली. कडं तिच्या बोटांना असं चपखल बसलं होतं की बास. सुईइतकी फट नव्हती.

"हातमोजे, मावशी," मुकादम म्हणाले. "नियम आहे. मोज्यांशिवाय कचऱ्याला हात नाही."

आईनं मोजे चढवले. जाड, बाप्यांच्या मापाचे. मूठ कड्यात घालायला गेली... जाईना. आडवी घातली, तिरकी घातली, जाईना!

 पेन्सिलीच्या रेघेबरहुकूम बनवलं होतं आम्ही. उघड्या हाताचं!

"माप तुम्ही घेतलंत!" मी त्याच्यावर ओरडले.

"कडं तुम्ही बनवलंत!"

"हातवाले म्हणवता आणि मोजे विसरलात?"

"मावशींनी सांगितलं होतं. आपण दोघं हसत बसलो होतो..."

"सात दहा," मुकादम म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं, पण घड्याळ चालू होतं.  आई कारंज्याकडे बघत होती, आणि तिनं हळूच एक गुडघा वाकवायला घेतला. ते मात्र माझ्याच्यानं बघवेना.

"आई, खबरदार वाकलीस तर!"

मी खिशातून पाना काढला. कड्याचे दोन्ही बोल्ट सोडवले, कडं उखडून फेकलं. मूठ मोकळी झाली, पण आता मोज्यातून ती घसरणार हे उघड होतं. "पट्टा हवा," आम्ही दोघं एकदमच म्हणालो. त्यानं डब्याची पिशवी रिकामी केली, डबा मामाच्या हातात कोंबला, आणि पिशवीचा पट्टा मी खिशातल्या, ट्यूब कापायच्या कात्रीनं छाटला. कृत्रिम हात खांद्याला बांधतात तशी त्यानं आईच्या मनगटाला त्याचा फास बसेल अशी गाठ मारली, मी दुसरं टोक बोल्टाखाली दाबलं. त्यानं दांडी धरली, मी पाना फिरवला. त्याची बोटं माझ्या बोटांवर, घामानं ओली, आणि कोणालाच ती बाजूला करायची आठवण राहिली नाही.

"झालं असेल तुमचं," आई वरून म्हणाली, "तर मला कामाला जाऊ द्या."

गेली ती. पाठ ताठ, मान वर. उचलणी उघडायची, मिटायची, पिशवीवर उघडायची. पेला, वेष्टन, झाकण, थोटूक. टप, टप, टप. मोज्यातली दोन बोटंच पुरत होती, कारण धरायचं काम रबर करत होतं. ओल्या दगडाला चिकटलेलं एक पातळ वेष्टन मात्र काही केल्या उचललं जाईना. एकदा, दोनदा... माझा जीव टांगणीला. आईनं उचलणीचं टोक तिरकं केलं, वेष्टनाची कडा खरवडली आणि ते अलगद उचललं. हे तिला ना मी शिकवलं होतं ना त्यानं.

आठला सात मिनिटं असताना ती कारंज्यापाशी पोचली आणि वळली. आम्हाला नाही, मुकादमांना हाक मारली. "या, शोधा आता कुठे काय राहिलंय ते!"

मुकादम अख्खा पट्टा चालून आले. परत येताना त्यांच्या हातात काही नव्हतं. "मावशी, उद्यापासून नेहमीच्या वेळेला," ते म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून जरा हळू आवाजात, "अजून पाच मिळतील का गं अशा? आमच्या बाकीच्या बायकांनाही कंबरा आहेत."

"मिळतील," मी म्हटलं. "पण आधी त्यांना माझ्याकडे पाठवा. मोजे घालून."

आणि मग मी रडले. सगळ्यांदेखत, नाक ओढत, अगदी ओंगळ रडले. त्यानं रुमाल काढायला वही उघडली — हो, रुमाल वहीत ठेवतो हा माणूस — आणि वहीतून एक कागद उडाला. मी आईच्या मनगटातून उचलणी सोडवून घेतली आणि त्याच्या आधी तो उचलला. या खेपेला फाटला नाही. ब्रेकचे रबर आहेत टोकाला.

चार घड्या घालून घालून मऊ पडलेला कागद. पेन्सिलीचा पंजा. करंगळीपाशी ग्रीसचा काळा ठसा.

"हा हरवला होता ना?"

तो लालेलाल. "हो... म्हणजे... सापडला."

"कधी?"

"हरवला त्याच दिवशी." मग त्यानं एकदाच मान वर केली. "मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून, हात फाडलात तेव्हापासून. सांगायचं रोज ठरवायचो, आणि रोज तुम्ही काहीतरी भांडण काढायचात, मग तेच जास्त आवडायचं."

अहाहा! कानशिलं तापली माझी.  मग तो कागद जवळच्या बाकावर पसरला आणि माझ्या कानावरची पेन्सिल काढली.

"इथे हात ठेवा."

"कशाला?"

"तुलनेला. दोन मापं असली की चूक कळते, म्हणे."

त्यानं हात ठेवला. माझ्या पंज्याशेजारी जागा होती तेवढी. मी अंगठ्यापासून सुरुवात केली, आणि मी काही त्याच्यासारखी सभ्य नाही, माझी बोटं त्याच्या प्रत्येक बोटाला लागली. करंगळीशी पोचून मी थांबले. "मलाही आवडता तुम्ही," मी कागदाकडे बघून म्हटलं. "पहिल्या दिवशी अजिबात आवडला नव्हतात. तीन मिनिटं झाकण धरायला लावलंत तेव्हा तर मुळीच नाही. त्यानंतर... कळलं नाही."

मामा डबा पोटाशी धरून ढसाढसा रडत होता. तो कुठेही रडतो.

"मी... मी निघतो," हातवाला म्हणाला. आनंदानं त्याला काय करावं सुचत नव्हतं. "इस्पितळात आजी येणार आहेत त्यांचा हात न्यायला... मी येतो दीडला—"

निघाला, आणि जागच्या जागी थांबला. मागून आईनं पुन्हा उचलणी हातात घेऊन त्याच्या शर्टाची बाही पकडली होती.

"मावशी, सोडा ना."

"मी कुठे धरलंय रे?" आई म्हणाली. एक महिना 'हातवाले' आणि 'तुम्ही' करणारी माझी आई, त्या क्षणी 'रे' वर आली. "ती तिची तीच धरून राहते. तूच नाही का सांगितलंस? जोर लागतो तो सोडायला. आणि मला डॉक्टरांनी जोर करायचा नाही म्हणून सांगितलंय."

तो माझ्याकडे बघायला लागला. उचलणी सोडवायचा पाना माझ्याच खिशात होता. मी हात पाठीमागे बांधले आणि कारंज्याकडे बघत राहिले.